व्हेल दिसेपर्यंतचे तास : अभ्यासदौऱ्यात बोटीवरून निरीक्षण कसं करावं

सागरी जीवशास्त्राच्या अभ्यासदौऱ्यात बोटीवर चढायच्या आदल्या संध्याकाळी मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारतो. उद्या सहा तास समुद्रावर काढले आणि एकही व्हेल दिसला नाही, तर परतल्यावर वहीत काय असेल? बहुतेक जण हसत म्हणतात, "काहीच नाही." पर्यटकाच्या तोंडी हे उत्तर शोभतं. अभ्यासाला आलेल्याच्या वहीत मात्र सहा तासांचा मार्ग हवा, दर अर्ध्या तासाची समुद्राची स्थिती हवी, कोण कुठल्या दिशेला बघत होतं ते हवं आणि "दिसला नाही" हे वेळेसकट लिहिलेलं हवं.

एका गटाला सहा तासांत तीन व्हेल दिसले, दुसऱ्याला दोन तासांत दोन. जेवणाच्या टेबलावर पहिला गट भाव खातो. हिशेब केला तर पहिल्याला तासाला अर्धा व्हेल दिसला, दुसऱ्याला एक. शोधासाठी घातलेला हा वेळ, ज्याला सगळे एफर्ट म्हणतात, लिहून ठेवला नसेल तर व्हेलच्या नोंदीतून फारसं काही काढता येत नाही. खाली जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

जमिनीवर असतानाच

जिथे जाणार आहात तिथल्या जातींची यादी आधी काढा. व्हेल, डॉल्फिन आणि पॉर्पॉइज (डॉल्फिनसारखेच, पण छोटे प्राणी) मिळून जगात साधारण ९० जाती आहेत, पण एका भागात एका हंगामात हमखास भेटणाऱ्या जेमतेम आठ-दहा असतात. तेवढ्याच नीट पाठ करा. जाडजूड मार्गदर्शक पुस्तक बोटीवर कुणी उघडत नाही. उघडलंच तर भिजतं.

समुद्रतळाचा नकाशाही पाहून घ्या. न्यूझीलंडमधल्या कायकोरा इथे किंवा कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात खोल दरी किनाऱ्याच्या अगदी जवळ येते, म्हणून खोल पाण्यातले व्हेल तिथे थोड्याच वेळात गाठता येतात. उथळ, रुंद खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्राखालचा सपाट भाग, असेल तर स्पर्म व्हेलची आशा धरू नका. नकाशावर खोलीच्या रेषा जिथे दाटीनं येतात, तिथे पेन्सिलनं खूण करून ठेवा.

नोंदतक्ते छापून घ्या, जलरोधक कागदावर जमलं तर उत्तमच, आणि पेन्सिली न्या. बॉलपेन ओल्या कागदावर दगा देतं. मोबाइल अॅप सोयीचं असतं हे मान्य, पण खाऱ्या पाण्यानं ओलं झालेलं बोट स्क्रीनला कळत नाही, आणि ते नेमकं व्हेल समोर आल्यावर लक्षात येतं.

आता घड्याळ. कॅमेरा, जीपीएस आणि मनगटावरचं घड्याळ एकाच वेळेवर लावा आणि स्थानिक वेळ वापरायची की यूटीसी, म्हणजे जगभर एकच असलेली प्रमाणवेळ, हे सगळ्यांनी मिळून ठरवा. एका दौऱ्यात आमच्या कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर एक तास मागे होतं. तीन दिवसांचे फोटो आणि जीपीएसचा मार्ग जुळेना. एका फोटोनुसार तर आम्ही धक्क्यावर उभे राहून हंपबॅक व्हेलची शेपटी टिपली होती! तेव्हापासून मी रोज सकाळी पहिला फोटो जीपीएसच्या स्क्रीनचा काढायला लावतो. त्यात सेकंदासकट वेळ दिसते, चूक झालीच तर किती झाली ते कळतं.

बोट लागू नये म्हणून

याबद्दल बढाई मारणारे पहिल्या तासातच आडवे होतात. बोट लागण्याची गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्या, कारण उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. अशा बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, म्हणून पहिला प्रयोग आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी जमिनीवर करून बघा. सकाळी पोट रिकामं नको आणि तडस लागेल इतकं भरलेलंही नको. बोटीवर मध्यभागी किंवा मागे उभं राहा, तिथे हेलकावा कमी. नजर क्षितिजावर ठेवा. खाली केबिनमध्ये जाऊन बसू नका आणि फोनकडे बघू नका. नोंदी लिहिणाऱ्याची मान सतत खाली असते, त्यामुळे पहिला बळी त्याचाच जातो. ते काम दर अर्ध्या तासानं बदलायचं, हाच त्यावर उपाय. उलटी आलीच तर वारा पाठीमागून येईल अशा बाजूला जा. आजवर ज्यांनी हे ऐकलं नाही, त्यांच्या शेजाऱ्यांना ते चांगलं लक्षात आहे.

बोट सुटण्यापूर्वी

जीवरक्षक जॅकेट घालून पट्टे आवळा. बोट चालू असताना एक हात कायम कठड्यावर असू द्या. दुर्बिणीला दोन्ही हात लागतात, तेव्हा कमरेनं टेकून उभं राहायला शिका. माणूस पाण्यात पडला तर काय करायचं, हे कप्तानाकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. ज्याला पडताना दिसलं त्यानं ओरडायचं, हाताचं बोट त्या माणसाकडे रोखायचं आणि काही झालं तरी नजर हटवायची नाही. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, एकदा सुटलं की सापडणं कठीण. बोट कधी, कुठे आणि कशी वळवायची, हे शेवटी कप्तानच ठरवतो. प्राध्यापकांनीसुद्धा त्यात पडू नये.

समुद्र कसा आहे ते लिहा

१८०५ मध्ये ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी वाऱ्याची जी मोजपट्टी तयार केली, तीच सुधारून आजही वापरतात. व्हेल शोधणाऱ्याला तिच्यातली खालची पाच-सहा घरं पुरतात. ० म्हणजे आरसा, १ म्हणजे नुसते बारीक तरंग, २ म्हणजे छोट्या लाटा, पण फेस नाही. पहिले तुरळक पांढरे माथे दिसले की ३. ते वरचेवर दिसू लागले की ४, आणि जिकडेतिकडे फेस दिसून तुषार उडायला लागले की ५.

ही नोंद टाळाटाळ न करता करायची, कारण २ च्या पुढे छोटे पॉर्पॉइज दिसणं झपाट्यानं कमी होतं. ४ मध्ये प्रत्येक पांढरा माथा फवाऱ्यासारखा भासतो. त्या दिवशी प्राणी कमी होते की आपल्याला दिसले कमी, हे नंतर सांगता यायला हवं. सोबत पाण्यावरची सूर्याची चकाकी कुठल्या दिशेला आहे, धुकं आहे का, लांब लाटांची उंची किती, हेही लिहा. दर ३० मिनिटांनी लिहा आणि मध्येच वारा बदलला तर त्या क्षणी.

शोधायचं कसं

बोटीचं पुढचं टोक म्हणजे बारा वाजले, उजवा हात तीन, मागे सहा, डावा हात नऊ. एक तास म्हणजे ३० अंश. "तिकडे, तिकडे!" ही दिशा नव्हे. "दोन वाजता, चारशे मीटर, फवारा" असं ओरडायचं. व्हेलचं नाव सांगायच्या आधी दिशा सांगायची. जात ठरवायला वेळ मिळतो, वळून बघायला मिळत नाही.

तिघांना टेहळणीला लावा: एक नऊ ते बारा, दुसरा बारा ते तीन आणि तिसरा मध्यभागी, बोटीच्या अगदी पुढ्यात. चौथा नोंदी लिहील. बाकीच्यांनी विश्रांती घ्यायची, ती मनापासून. अर्ध्या तासानं जागा बदलायच्या, कारण त्यानंतर डोळे उघडे राहतात पण बघत नाहीत.

आधी नुसत्या डोळ्यांनी क्षितिजापासून बोटीपर्यंत सावकाश नजर फिरवा. काही वेगळं वाटलं तर दुर्बीण लावा. बोटीसाठी ७×५० ची, म्हणजे ७ पट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घ्यावी. १० पट किंवा त्याहून मोठं दाखवणारी दुर्बीण दुकानात भारी वाटते, पण हेलकाव्यासोबत तिच्यातलं चित्रही तितकंच जास्त थरथरतं.

नजर कशावर ठेवायची? फवाऱ्याचा पांढरा पुंजका. एकाच जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारणारे पक्षी. लाटांच्या ओळींत न बसणारी काळी रेघ. आणि तेलाच्या तवंगासारखा गुळगुळीत गोल, जो व्हेलनं शेपटी मारून बुडी घेतल्यावर मागे उरतो. असा गोल दिसला म्हणजे तो आत्ताच इथे होता.

अंतराचा अंदाज माणसं समुद्रावर हमखास चुकतात, कारण तुलनेला झाडही नाही, घरही नाही. त्यासाठी अंतर मोजायची एक काडी स्वतः बनवा. पाण्यापासून तुमच्या डोळ्यांची उंची मोजा, समजा ४ मीटर. हात सरळ करून पट्टी धरा आणि डोळ्यापासून पट्टीपर्यंतचं अंतर मोजून घ्या, समजा ६० सेंटिमीटर. पट्टीचं वरचं टोक क्षितिजाला टेकवा आणि व्हेल टोकाच्या किती खाली येतो ते बघा. डोळ्यांच्या उंचीला त्या ६० नं गुणा आणि पट्टीवरच्या सेंटिमीटरनं भागा: उत्तर मीटरमध्ये येतं. २.४ सेंटिमीटर खाली असेल तर व्हेल १०० मीटरवर, १.२ असेल तर २००, ०.८ असेल तर ३००. हेच आकडे आइस्क्रीमच्या काडीवर खुणा करून लिहा आणि काडी दोरीनं गळ्यात अडकवा. त्याच उंचीवरून क्षितिज सुमारे ७ किलोमीटरवर असतं, त्यामुळे दोन-तीन किलोमीटरच्या पलीकडे काडीचा भरवसा धरू नका. दुसऱ्या डेकवर चढलात तर उंची बदलते आणि खुणाही बदलतात. हे विसरून एका मुलीनं दिवसभर सगळे व्हेल अर्ध्या अंतरावर आणून ठेवले होते.

फवाऱ्यावरून ओळख

बॅलीन व्हेलना, म्हणजे दातांऐवजी अन्न गाळणाऱ्या पट्ट्या असलेल्यांना, दोन नाकपुड्या असतात, दातवाल्यांना एक. राइट व्हेलचा फवारा समोरून किंवा मागून पाहिला तर इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुभंगलेला दिसतो. ब्लू आणि फिनचा उंच, सरळ खांब असतो. हंपबॅकचा बुटका आणि झुडपासारखा पसरलेला. स्पर्म व्हेलची नाकपुडी डोक्याच्या पुढच्या टोकाला, डाव्या बाजूला असते, त्यामुळे त्याचा फवारा पुढे आणि डावीकडे कलतो. एकदा पाहिलात की पुन्हा चुकणार नाही. मिंकीचा फवारा बहुतेकदा दिसतच नाही; पाठ दिसते आणि संपलं. जोराच्या वाऱ्यात मात्र सगळेच फवारे विस्कटतात, म्हणून फक्त त्यावर विसंबू नका.

मग पाठीकडे बघा. पर कुठे आहे, केवढा आहे, फवाऱ्यासोबत दिसतो की नंतर? ब्लू व्हेलचा पर इवलासा आणि पार मागे असतो, आधी पाठच पाठ सरकत राहते. ग्रे व्हेलला पर नसतोच, शेपटीकडे गाठींची रांग असते. ब्रायडीज व्हेलच्या डोक्यावर तीन कडा असतात. फिन व्हेलचा खालचा जबडा उजवीकडे पांढरा आणि डावीकडे गडद असतो, म्हणून तो कुठल्या बाजूनं दिसला तेही लिहायचं. बुडताना शेपटी वर आली का? हंपबॅक, स्पर्म आणि राइट व्हेल ती बऱ्याचदा उचलतात, फिन जवळजवळ कधीच नाही.

नोंदीत "नक्की", "बहुधा", "असू शकेल" यांपैकी एक शब्द लिहा. "मोठा व्हेल, जात कळली नाही" ही प्रामाणिक नोंद आहे आणि ती वापरता येते. शिक्षकांना खूश करायला लिहिलेला "ब्लू व्हेल" वापरता येत नाही, आणि नंतर तो वेगळा काढायलाही कुणाला जमत नाही.

जवळ जाताना

नियम देशागणिक बदलतात; जिथे जाल तिथले आधी वाचा. ऑस्ट्रेलियात बोटीनं व्हेलपासून १०० मीटर दूर राहायचं आणि ३०० मीटरच्या आत संथ गतीनं यायचं. न्यूझीलंडमध्ये ५० मीटरपर्यंत जाता येतं, पण पिल्लू सोबत असलेल्या बॅलीन किंवा स्पर्म व्हेल मादीपासून २०० मीटर, आणि ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनच बोटी. अमेरिकेत उत्तर अटलांटिकमधल्या राइट व्हेलसाठी ५०० यार्ड, म्हणजे सुमारे ४६० मीटर अंतर राखावं लागतं. अभ्यासदौरा आहे म्हणून यातून सूट मिळत नाही. ड्रोन, त्वचेचे नमुने, पाण्यात उतरणं, यांसाठी वेगळे परवाने लागतात.

समोरून जाऊ नका, वाट अडवल्यासारखं होतं. नेमकं मागूनही नको, पाठलाग होतो. बाजूनं, थोडं मागे राहून, त्याच्या वाटेला समांतर आणि त्याच्याच वेगानं जायचं. तो स्वतः बोटीकडे आला तर इंजिन न्यूट्रलमध्ये टाकून थांबा. अचानक दिशा बदलणं, श्वासांमधलं अंतर कमी होणं, शेपटी आपटणं, आईनं पिल्लू आणि बोट यांच्यामध्ये येणं, यांपैकी काही दिसलं तर वेळ लिहा आणि मागे फिरा.

इंजिनाच्या आवाजाबद्दल एक गोष्ट विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवस जहाजं कमी झाली आणि कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्यातला कमी वारंवारतेचा गोंगाट ६ डेसिबलनं उतरला. त्याच काळात राइट व्हेलच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकंही कमी झालेली आढळली. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. विष्ठेचे नमुने जपून ठेवले होते म्हणून हे कळलं. तेव्हा पाण्यावर विटकरी रंगाचा तवंग दिसला तर नाक मुरडण्याआधी स्थान आणि वेळ लिहून घ्या.

व्हेल समोर आहे

पहिली दोन मिनिटं सगळ्यांना किंचाळू द्या. नाही तरी ते थांबणार नाहीत. पण नोंदणाऱ्यानं स्टॉपवॉच सुरू करायचं.

एकदा मला एक स्पर्म व्हेल असा भेटला की तो पाण्यावर लाकडाच्या ओंडक्यासारखा निजून होता, सुरकुतलेली पाठ आणि दर बारा-पंधरा सेकंदांनी एक कलता फवारा. मुलं श्वास मोजत होती. बत्तीस, तेहेतीस. एकेचाळिसाव्या श्वासानंतर त्यानं डोकं किंचित जास्त वर काढलं, पाठीची कमान झाली आणि शेपटी सरळ उभी राहिली. पाण्याच्या धारा तिच्या कडेवरून गळत होत्या आणि उजव्या टोकाला एक अर्धवर्तुळाकार तुकडा नव्हता. मग ती आवाज न करता खाली गेली. सगळे उत्साहात कॅमेऱ्याचे पडदे बघू लागले, तेव्हा एक मुलगा घड्याळाकडे बघत शांतपणे म्हणाला, "बुडी, दहा एकोणचाळीस." त्या दिवसाची सर्वांत उपयोगी नोंद तीच ठरली.

कारण सोपं आहे. स्पर्म व्हेल साधारण नऊ मिनिटं वर आणि पंचेचाळीस मिनिटं खाली असेल, तर तो दिसण्याची शक्यता एकूण वेळेच्या सहाव्या हिश्शात असते. १० नॉट वेगानं जाणारी बोट त्या ४५ मिनिटांत जवळजवळ १४ किलोमीटर पुढे निघून जाते. तो तिथेच होता, आपण मात्र "दिसला नाही" लिहून गेलो. बुडीच्या वेळा असतील तर ही उणीव नंतर गणितानं भरून काढता येते.

वर्तन टिपताना सगळ्यांकडे बघायचा मोह टाळा. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये निरीक्षणाच्या पद्धती नीट मांडल्या, आणि त्यांचा मुद्दा अजूनही तितकाच लागू पडतो: जे ठळक दिसतं तेवढंच लिहीत गेलात तर नोंदी ठळक गोष्टींकडेच झुकतात. उडी सगळे लिहितात, निवांत पडून राहणं कुणी लिहीत नाही. म्हणून एक प्राणी किंवा एक गट निवडा आणि दर दोन मिनिटांनी, घड्याळ सांगेल तेव्हा, त्या क्षणी तो काय करतोय ते लिहा: प्रवास, विश्रांती, खाणं, एकमेकांशी लगट. गटाची संख्या तीन आकड्यांत द्या: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि तुमच्या मते खरी.

फोटो काढणाऱ्यानं सुंदर फोटोच्या मागे लागू नये. १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद शटर, सलग फोटो, आणि हंपबॅक किंवा स्पर्म व्हेल असेल तर बुडताना शेपटीची खालची बाजू. ऑर्काची (किलर व्हेलची) ओळख पराच्या आकारावरून आणि त्यामागच्या करड्या डागावरून पटते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सागरी जीवशास्त्रज्ञ मायकेल बिग यांनी १९७० च्या दशकात असे फोटो जमवूनच एकेक ऑर्का वेगळा ओळखला. पराच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजू टिपा. एक भेट संपली की नोंदतक्त्याचा एक फोटो काढा, म्हणजे पुढच्या भेटीचे फोटो कुठून सुरू होतात ते कळतं.

हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, असेल तर इंजिन पूर्ण बंद करून तो पाण्यात सोडा आणि पाळीपाळीनं ऐका. खोल गेलेल्या स्पर्म व्हेलची टिकटिक घड्याळासारखी, सेकंदाला एक-दोन, कित्येक किलोमीटरवरून ऐकू येते. ती थांबली की तयार राहा, बऱ्याचदा तो वर यायला निघालेला असतो.

परतल्यावर

आंघोळीच्या आधी नोंदी संगणकात भरा. विसरायला एक रात्र पुरते. भरणारा आणि वाचून दाखवणारा वेगवेगळे असावेत. फोटोंना नावं देताना तारीख, भेटीचा क्रमांक आणि काढणाऱ्याची आद्याक्षरं घाला. मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवा आणि कागदी तक्ते फेकू नका.

ज्या अर्ध्या तासांत काही दिसलं नाही त्यांच्या ओळी रिकाम्या सोडू नका, तिथे ० लिहा. रिकामी जागा म्हणजे कुणी बघितलंच नाही, ० म्हणजे बघितलं आणि दिसला नाही. सकाळच्या अकरा ओळींत सलग शून्यं भरताना मुलं कुरकुरतात; भरू द्या. मग बॅटऱ्या चार्जिंगला लावा, कार्ड रिकामी करा आणि काडीवरच्या खुणा पुसट झाल्या असतील तर पुन्हा गिरवून घ्या.